नळीतला छर्रा

लोणावळ्याच्या आमच्या गॅरेजात मी काय काम करते असं कुणी विचारलं, की "बिलं लिहिते" एवढं सांगून मी मोकळी होते. लग्नाकार्यात तर तेही सांगत नाही. बिलं मी लिहिते हे खरंच आहे, पण ती सकाळी चहा निवायच्या आत होतात. उरलेला वेळ मी कुठल्या ना कुठल्या गाडीच्या बॉनेटखाली असते. हे आता छापून येणार, नात्यातले लोक वाचणार, म्हणून लिहितानाही हात अवघडतोय.

गॅरेज काकांचं. घाट चढून आलं की रस्त्याच्या डाव्या हाताला. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या आमच्यापर्यंत पोहोचतात त्या धापा टाकत, वाफा सोडत. काकांनी मला तिथं बोलावलं ते इंग्रजीसाठी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते. मुंबईची बडी मंडळी आणि परदेशी पाहुणे काय बोलतात ते काकांना आणि बाबूमिस्त्रींना सांगायचं, आणि यांचं त्यांना, एवढंच माझं काम ठरलं होतं. पुढं परदेशी गाड्यांबरोबर येणारी पुस्तकं मिस्त्रींना वाचून दाखवायला लागले. वाचता वाचता बॅटरीचा उजेड धरायला लागले आणि एक दिवस मिस्त्रींनी पाना हातात दिला. मी लहान असताना त्यांनी मला मडगार्डवर बसवून गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. समोरच्या हॉटेलातल्या लोकांना मात्र वाटायचं. मी गाडीखाली गेले की त्यांचा चहा लांबायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ दर खेपेला गाडी तापते म्हणून तक्रार करत. रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी देवाची मोठी पितळी तसबीर तारेनं बांधली होती. ती काढा म्हणायची काकांची हिंमत होईना, तेव्हा मिस्त्रींनी ती मालकांच्या नकळत वीतभर खाली सरकवली आणि गाडी तापायची थांबली. दुसऱ्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, "तू नको हात लावूस, मेकॅनिकला बोलाव." मी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री आले, बॉनेटमध्ये डोकं घालून मला हळूच विचारलं, "काय झालंय गं हिला?" मी हळूच सांगितलं. असं आमचं चालायचं, आणि मला ते बरं वाटायचं. कुणाच्या तरी मागं उभं राहून बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. पण ज्या गाडीबद्दल लिहायचं आहे, तिच्या वेळी मला पुढं उभं राहावं लागलं.

ती अमेरिकन गाडी होती. फिकट हिरवी, लांबलचक, डाव्या हाताला स्टिअरिंग. तळेगावकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरची. ते लोणावळ्यात बंगला घेऊन राहत. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. कारखान्यात रोज ते स्वतः गाडी चालवत जात, आणि मुंबईहून पाहुणे किंवा सामान आणायचं असलं की ड्रायव्हर जाई. ड्रायव्हर सोपानभाऊ, बेडशाचे. घरची भातशेती भावाकडे सोपवून ते आधी ट्रकवर आणि मग साहेबांकडे लागले होते. साहेबांना मराठी येत नव्हतं आणि सोपानभाऊंना इंग्रजी. दोघं खुणांवर भागवत, आणि काही नीट बोलायचं असलं की आमच्याकडे येत.

त्या गाडीत एक नवी सोय होती, ती थोडी समजावून सांगायला हवी. इंजिनात पेट्रोल आणि हवा जळते आणि धूर सायलेन्सरमधून बाहेर जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत त्या बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा धूर परत इंजिनात पाठवू लागले होते. एकदा जळलेला धूर पुन्हा जळत नाही, नुसती जागा अडवतो. त्यामुळे आतली आग फार भडकत नाही आणि हवेत विषारी वायू कमी जातात. हा धूर कधी सोडायचा ते एक झडप ठरवते. झडपेच्या डोक्यावर चपटी डबी, आणि डबीत रबराचा पडदा. कार्बोरेटरकडून एक बारीक रबरी नळी त्या डबीला येते. ॲक्सिलरेटर दाबला की नळीत ओढ तयार होते, पडदा वर उचलला जातो आणि झडप उघडते. इंजिन थंड असताना मात्र ती मिटलेलीच राहिली पाहिजे, नाहीतर गाडीचा श्वास कोंडतो. त्यासाठी नळीच्या वाटेत एक छोटा चावीसारखा भाग असतो. पाणी तापेपर्यंत तो ओढ अडवून धरतो. मिस्त्री या सगळ्याला मिळून धुराची डबी म्हणत.

थंडीच्या दिवसांत साहेब पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन, की सकाळी बंगल्यातून निघताना गाडी अडखळते, दोनदोनदा बंद पडते. मी तेव्हा आईच्या आजारपणामुळे घरी होते. मिस्त्रींनी एकेक नळी काढून पाहिली. धुराच्या डबीची नळी काढल्याबरोबर गाडी सुरेख चालायला लागली. मग त्यांनी सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा त्या नळीत सरकवला आणि नळी परत लावून टाकली. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. हे मला फार नंतर कळलं. ही युक्ती त्यांना मुंबईच्या कुणा मिस्त्रीनं सांगितली होती, आणि इकडची बरीच गॅरेजं असंच करत. नंतर त्यांनी गाडी वळवणच्या पुढं नेऊन आणली. आमच्याकडे ट्रायल कायम त्याच बाजूला घेतात. घाट उतरून परत चढायचा म्हणजे फुकट पेट्रोल जातं, म्हणून कामशेतच्या बाजूचा सपाट रस्ता. तिथं गाडी उत्तम चालली. साहेबांनी अंगठा वर केला आणि गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सोमवारी, साहेब आणि सोपानभाऊ दोघं आले. साहेबांचा चेहरा लाल होता. विमानतळावरून आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं होतं, की घाट चढताना इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. साहेब रोज तळेगावला जातात तेव्हा तसं काहीच होत नव्हतं. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, की पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की असाच आवाज येतो, आणि ड्रायव्हर लोक पेट्रोल काढून विकतात आणि वर रॉकेल ओततात. रॉकेलनं इंजिन ठोकतं हे खरं आहे. त्यामुळे साहेबांना सगळं जुळल्यासारखं वाटलं. आवाज येतो तो फक्त सोपान चालवतो तेव्हाच.

साहेब मला इंग्रजीत म्हणाले, "त्याला विचार, माझ्या गाडीतलं पेट्रोल तो कधीपासून चोरतोय."

सोपानभाऊ माझ्याकडे बघत उभे होते. डोक्यावरची टोपी नीट करून, कामाचं काहीतरी विचारणार म्हणून. ते वयानं माझ्या वडिलांच्या जवळपासचे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या घरी आंबेमोहोराची पिशवी आणून दिली होती. चोर हा शब्द माझ्या तोंडात आलाच नाही. मी विचारलं, "सोपानभाऊ, साहेब विचारतायत, मुंबईला जाता तेव्हा पेट्रोल कुठं भरता?"

"खोपुलीत की, ताई," ते हसून म्हणाले. "सायबांनी दावल्याल्या पंपावरच. दुसरीकडं न्हाई भरत कवा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब उत्तर ऐकत नव्हते, सोपानभाऊंचं हसू बघत होते. चोरीबद्दल विचारल्यावर जो माणूस असा हसतो तो कसला माणूस, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आलं. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही. पेट्रोल तपासा, एवढंच मी काकांना सांगितलं आणि त्यांनी टाकीतून थोडं काढून कागदावर ओतलं. ते डाग न ठेवता उडून गेलं, म्हणजे रॉकेल नव्हतं. साहेब म्हणाले, मी बरोबर असताना तो चांगलंच भरणार. मग म्हणाले, "त्याला सांग, पहिल्या तारखेपासून यायची गरज नाही."

मी सोपानभाऊंना सांगितलं, "साहेब म्हणतायत, या महिन्यात काय होतं ते बघू."

"बघू की," सोपानभाऊ म्हणाले, आणि जाताना साहेबांसाठी गाडीचं दार उघडून उभे राहिले.

असं मी का केलं, हे मला विचारलं तर उत्तर आहे. घरात, शाळेत मला हेच शिकवलं होतं, की कडू असेल ते पोटात ठेवावं. दोन माणसांच्या मध्ये उभं राहून दोघांनाही राग येणार नाही असं बोलणं, यालाच मी माझं कसब समजत होते. आता एका माणसाची नोकरी गेली होती, ते साहेबांना आणि मलाच माहीत होतं, आणि त्याला स्वतःच्या बाजूनं एक शब्दही बोलता आला नव्हता. साहेब निघता निघता मी त्यांना गाठलं आणि गाडी दोन दिवस आमच्याकडे ठेवायला सांगितली. पहिली तारीख त्याच आठवड्यात होती.

काकांना मी म्हटलं, ट्रायल घाटात घ्यायची. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नको म्हणाले नाहीत. सोपानभाऊ चालवायला, बाजूला बाबूमिस्त्री, मागं मी. खोपोलीपर्यंत उतरलो आणि परत फिरलो. शिंग्रोबाच्या देवळापाशी सोपानभाऊंनी स्टिअरिंगवरून हात न काढता नुसती मान लववली. पुढच्या चढाला आवाज सुरू झाला, पाहुण्यांनी सांगितला तसाच. कोरडा, खडखड, पायाखालून येणारा.

"हितनं धरतोय बगा," सोपानभाऊ म्हणाले. "ॲक्सिलेटर सोडला की गप. म्या सायबांस्नी खुनंनं सांगितलं हुतं, पर त्येंना समाजलं न्हाई." मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी बरं केलं, ताई. तुमी बोलला म्हून सायबानं एवढं मनावर घेतलं. लय चांगला मानूस हाय."

बाबूमिस्त्री मागं वळून म्हणाले, "आमची बेबी बोलते कमी, पण बोलते ते नेमकं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी घाट नेहमीपेक्षा लांब वाटला.

घाटात ठोकते, सपाटीला नाही. म्हणजे इंजिनावर भार आला की आतली आग जास्त भडकते. टायमिंग मी तपासलं, ते बरोबर होतं. प्लग चांगले होते. मग आग मंद ठेवणारी ती धुराची सोयच बंद पडली असेल का, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाले फळ्या काढायच्या आत मी गॅरेजात गेले. याला कारण होतं. या डबीची परीक्षा हातांनी होते, तशी तोंडानंही करावी लागते, आणि नळी तोंडात धरून उभी असलेली मी त्या लोकांना दिसू नये असं मला वाटत होतं. गाडी चालू करून तापू दिली. इंजिन संथ चालू असताना डबीखाली जाड फडकं धरून बोटांनी पडदा वर ढकलला. इंजिन लगेच गुदमरलं, बंद पडायला आलं. म्हणजे झडप उघडत होती आणि धुराची वाट मोकळी होती. काजळी धरली असती तर गाडीला काहीच जाणवलं नसतं. मग मिस्त्री आले, त्यांना ॲक्सिलरेटर द्यायला सांगितलं. आवाज वाढला, पण पडदा जागचा हलला नाही. म्हणजे त्याला ओढच मिळत नव्हती. डबीवरची नळी काढून जिभेवर धरली. काही नाही. कार्बोरेटरकडचं टोक काढून त्या तोंडावर बोट ठेवलं. तिथं बोट चांगलं ओढलं जात होतं. या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी ओढ अडत होती. मी नळी चिमटीत धरून इंचाइंचानं चाचपत आले. वळणापाशी बोटाखाली काहीतरी कडक, गोल लागलं.

मी नळी उलटी करून दाबली. छर्रा खाली पडून मिस्त्रींच्या दारापर्यंत घरंगळला.

त्यांनी इंजिन बंद केलं. उतरून छर्रा उचलून हातात घेतला. "माझाच आहे," ते म्हणाले. "पोरी, गाडी सकाळी अडखळायची थांबली ना? मला वाटलं बरी झाली."

मूळ बिघाड होता तो वाटेतल्या त्या चावीत. पाणी थंड असतानाही ती ओढ सोडून देत होती, म्हणून गाडी सकाळी अडखळायची. मिस्त्रींनी छर्रा घालून ओढ कायमचीच बंद केली. सकाळचं दुखणं गेलं आणि घाटातलं आलं. आम्ही घाटात कधी ट्रायल घेतली नाही, म्हणून ते आम्हाला दिसलं नाही.

छर्र्याचं आणि सोपानभाऊंच्या नोकरीचं सगळं काकांना सांगितलं तेव्हा ते गल्ल्यापाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "बेबी, साहेबाला सांग, झडप खराब झाली होती, बदलली. त्याला काय कळतंय. सोपानची नोकरी वाचली म्हणजे झालं." ते वाईट माणूस नाहीत. आमच्या गॅरेजात परदेशी गाडी बिघडवली असं एकदा रस्त्याच्या कडेनं पसरलं, तर बंगल्यांवरच्या गाड्या पुढच्या गॅरेजात जातील ही त्यांची भीती खोटी नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांनी मला तेच करायला सांगितलं होतं, जे मी सोमवारी कुणी न सांगता केलं होतं.

संध्याकाळी साहेब आले. सोपानभाऊ, मिस्त्री, काका, सगळे उभे. मी छर्रा हातावर ठेवून साहेबांना सगळं इंग्रजीत सांगितलं. हा आमच्या गॅरेजनं घातला, यामुळे आवाज आला, पेट्रोलचा काही संबंध नाही, आणि तुमच्या ड्रायव्हरचाही नाही. काकांना इंग्रजी येत नाही, पण "अवर मिस्टेक" एवढं त्यांना समजलं. त्यांनी मान खाली घातली. नवी चावी अमेरिकेहून मागवावी लागेल, तोवर सकाळी गाडी थोडी तापवून काढा, हेही मी सांगितलं. साहेबांनी छर्रा घेतला, बोटांत फिरवला, परत दिला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. ते सोपानभाऊंकडे वळले आणि सरळ त्यांच्याकडे बघत इंग्रजीत बोलले. मग मला म्हणाले, "त्याला सांग."

ते म्हणाले होते, मी तुला चोर समजलो ही माझी चूक झाली. तुला कामावरून काढत होतो, ते मी मागं घेतो. मला माफ कर.

आता सांगायचं कसं? सोपानभाऊंना कुणी चोर म्हटलंच नव्हतं. त्यांना कुणी काढलंही नव्हतं. साहेब तुमच्यावर खूश आहेत, एवढं म्हटलं असतं तरी सगळे हसत घरी गेले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सोपानभाऊ टोपी सारखी करून माझ्याकडे बघत होते, सोमवारी बघत होते तसेच.

मी त्यांना साहेबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. चोर हा शब्दही उच्चारला.

सोपानभाऊंना आधी समजलंच नाही. "चोर? कुनाला म्हनलं?"

"तुम्हाला. सोमवारी. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"सोमवारी," ते म्हणाले. "हितंच?"

"इथंच."

ते आठवत होते. चेहऱ्यावरून दिसत होतं. "आन म्या हसत हुतो की वो," ते म्हणाले.

साहेबांनी हात पुढं केला आणि सोपानभाऊंनी तो घेतला, पण लगेच सोडला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोर म्हनल्यालं तवाच कळलं असतं तर म्या बोललो असतो, ताई. मला तोंड हाय." आणि गाडी काढायला गेले.

त्यांनी नोकरी सोडली नाही. घरची माणसं होती, सोडून चालणार नव्हतं. गाडी आमच्याकडेच येत राहिली, काकांना वाटलं तसं काही झालं नाही. उलट घाटातली ट्रायल हा आता आमच्या गॅरेजचा नियम आहे, आणि मिस्त्री तो गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात. सोपानभाऊ माझ्याशी वाईट वागले नाहीत. पाणी घ्यायचे, चहा घ्यायचे, आईची चौकशी करायचे. फक्त साहेब काही बोलू लागले की ते आता माझ्याकडे बघत नसत, साहेबांच्या तोंडाकडे बघत.

कारखान्याचं काम संपवून साहेब परत जायला निघाले, तेव्हा शेवटचं बोलायला दोघं आमच्याकडे आले. साहेब म्हणाले, की एवढी वर्षं इतक्या देशांत राहिलो, पण सोपानइतका प्रामाणिक माणूस माझ्या गाडीवर कधी नव्हता. मी ते शब्दाला शब्द लावून सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

सोपानभाऊंनी ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात मला विचारलं, "ह्ये त्येंनी म्हनलं, का तुमी म्हनताय?"